बसणे आणि जमणे

सायकल शेडमधल्या निळ्या सायकलच्या उजव्या शिफ्टरवर १ ते ८ आकडे आहेत. मागच्या चाकाला चक्रे मात्र सातच आहेत. हे कसे काय, असे या सत्रात मला इतक्या जणांनी विचारले की एकदाच नीट लिहून टाकावे असे ठरवले. मराठी पानासाठी सरांना लेख हवाच होता. ज्यांनी हिंदीत विचारले होते त्यांना कोणीतरी वाचून अर्थ सांगावा.

आपल्याकडे गिअरच्या सायकली दोन खेपांत आल्या. जुन्या खेपेच्या २६ इंची चाकांच्या, रिमला रबर घासून थांबणाऱ्या, मागे सात चक्रांच्या. नव्या खेपेच्या साडेसत्तावीस इंची, डिस्क ब्रेकच्या, मागे आठ चक्रांच्या. सप्टेंबरात नव्यांपैकी एक सायकल गाडीतून उतरवताना पडली आणि तिची फ्रेम वाकली. जुन्यांपैकी निळीचे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा भाग, त्याआधीच्याच सत्रात स्पोकमध्ये घुसून तुटले होते आणि तिच्या शिफ्टरचे क्लिक लागत नव्हते. दोन्ही सायकली कंडम होणार होत्या. बोर्ड बसायची तारीखही ठरली होती.

त्याच महिन्यात डेहराडून ते मसुरी या सायकल मोहिमेची यादी लागली. नावे बारा, चालू सायकली अकरा. बारावा होता माझ्या सेक्शनमधला आठवीतला कॅडेट, मणिपूरचा. निवड चाचणीत तो तिसरा आला होता, पण उंचीने यादीत सर्वांत लहान. मोठ्या फ्रेमवर बसला की त्याचे पाय जमिनीला लागत नसत. लहान मापाची फ्रेम शेडमध्ये एकच, ती निळी. बोर्डाच्या दिवसापर्यंत ती चालू झाली नाही तर तू रिझर्व्ह, असे त्याला सांगण्यात आले. रिझर्व्ह म्हणजे मागच्या गाडीत बसून पाण्याच्या बाटल्या वाटणे. तो काही बोलला नाही. रोज गेम्स संपले की शेडमध्ये यायचा आणि निळी फ्रेम फडक्याने पुसायचा. हे पाहून मी वर्कशॉपच्या उस्तादांकडे गेलो.

उस्ताद ई.एम.ई.मधून निवृत्त झालेले हवालदार आहेत. त्यांनी परवानगी काढून दिली, पण एका अटीवर: आधी मोजायचे, मग पान्हा हातात घ्यायचा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर सही करून आणायला लावला. वर्गात गोळ्याचा व्यास मोजून कंटाळलेल्या माझ्या मित्रांनी तो कॅलिपर सायकलवर चालताना पाहिला तेव्हा निम्मा वर्ग शेडमध्ये जमला.

आमचा पहिला विचार सगळ्यांना सुचेल तोच होता: नव्या सायकलचे मागचे चाक काढून निळीला लावायचे. आठ चक्रे, आठचा शिफ्टर, आठचे डिरेलर, सगळे एकाच घरचे. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधले अंतर मोजले, १३५ मिलिमीटर. नव्या चाकाचा हब मोजला, तोही १३५. चाक अगदी अलगद बसले. पण निळीला डिस्क ब्रेक लावायला जागाच नाही, आणि रिमचे ब्रेक २६ इंची रिमच्या उंचीवर. २६ इंचीच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर आणि साडेसत्तावीसचा ५८४. म्हणजे रिम साडेबारा मिलिमीटर वर गेली आणि ब्रेकचे रबर स्पोकांच्या बाजूला आले. चाक बसले, पण सायकल थांबणार कशी? मसुरीहून उतरताना ब्रेक नसलेली सायकल कोणाला देणार?

त्या रविवारी घरी फोन होता. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांना हे सांगितले तर हसून म्हणाले, “अरे बाळा, लेलँडचा बोल्ट टाटात बसतो, म्हणून तो तिथं घालायचा असतो का? बसणं वेगळं, जमणं वेगळं. काय जमतंय ते आधी बघ.” पुढचे तीन आठवडे मी हेच बघत होतो.

चाक जुनेच राहणार हे नक्की झाले, म्हणजे मागे चक्रे सातच. शिफ्टर आणि डिरेलर नव्या सायकलचे, आठचे. आता प्रश्न हा की आठचा शिफ्टर सात चक्रांवर चालेल का? याचे उत्तर शिफ्टरवरच्या आकड्यात नसते. ते तीन मापांत असते. एका क्लिकला शिफ्टर किती केबल ओढतो, ओढलेल्या एका मिलिमीटरला डिरेलर किती आडवे सरकते, आणि मागची दोन चक्रे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याइतका आला की गिअर पडतो. एवढेच.

आम्ही केबलला पांढरी चिकटपट्टी लावून खूण केली आणि शिफ्टर १ पासून ८ पर्यंत फिरवला. सात क्लिकमध्ये खूण साडेएकोणीस मिलिमीटरच्या थोडी पुढे सरकली, म्हणजे एका क्लिकला सुमारे २.८. शिमानोच्या सहा ते नऊ गिअरच्या डिरेलरमध्ये हा २.८ सुमारे १.७ पट होतो. गुणाकार ४.८ च्या आसपास. आठ चक्रांच्या संचात दोन चक्रांतले अंतर ४.८ मिलिमीटरच असते, त्यामुळे तिथे सगळे जुळते. आमच्या सात चक्रांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत कॅलिपरने ३० मिलिमीटर भरले. सहा अंतरे, म्हणजे प्रत्येकी ५.

एका क्लिकमागे ०.२ चा फरक. कॅडेट म्हणाला, “सर, बहुत थोडा है.” थोडा खरा, पण तो साठत जातो. सहा क्लिकमध्ये १.२ मिलिमीटर. पहिल्या चक्रावर बरोबर लावले तर सातव्यावर चेन घासणार आणि उडीही मारणार. उस्तादांनी इथे एक गोष्ट शिकवली जी मी विसरणार नाही. चूक एका टोकाला साठू द्यायची नाही, मध्यावरून दोन्हीकडे वाटायची. चौथ्या, मधल्या चक्रावर डिरेलर तंतोतंत लावले. मग दोन्ही टोकांना चूक उरली ०.६ मिलिमीटर. डिरेलरच्या वरच्या छोट्या चाकाला आडवी थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, ते चाक स्वतःच दात्यांखाली जाऊन उभे राहते. ०.६ त्या मोकळिकीत सहज मावले.

आणि आठवा क्लिक? तो आहे, पण रिकामा आहे. १ म्हणजे सर्वांत मोठे चक्र, ७ म्हणजे सर्वांत लहान. ८ वर नेले तर केबल फक्त सैल पडते. डिरेलरवर हद्द ठरवणारे दोन स्क्रू असतात, त्यांतला एक त्याला लहान चक्राच्या पलीकडे जाऊ देत नाही. तर ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना हे उत्तर.

मध्ये एक गंमत झाली. आमच्या एका सरांकडे जुना हातात पिळायचा शिफ्टर होता, मुठीसारखा. छान चकचकीत, त्यावरही ८ आकडे. हँडलला बसला, केबल आत गेली. क्लिक केले तर चेन एक चक्र ओलांडून दोन चक्रांच्या मध्ये कुठेतरी खडखडत राहिली. उस्ताद गालात हसत होते, त्यांना आधीच ठाऊक होते. मोजले तेव्हा एका क्लिकला चार मिलिमीटरपेक्षा जास्त केबल. तो स्रॅमचा होता. स्रॅमने काही शिफ्टर शिमानोच्या मापाचे काढले आणि काही स्वतःच्या मापाचे, ज्यांत केबल जास्त ओढली जाते आणि डिरेलर ती जवळजवळ तेवढ्यास तेवढीच सरकवते. हा दुसऱ्या प्रकारचा. त्याच्या घरच्या डिरेलरबरोबर तो उत्तम चालला असता. शिमानोच्या डिरेलरने मात्र त्याची ओढ १.७ पट केली आणि पाऊल दीडपट पडले. दोघेही निर्दोष, फक्त एकमेकांचे नव्हेत.

ही भांडणे पूर्वी नव्हती. शिमानो कंपनी जपानच्या साकाई गावात १९२१ मध्ये सुरू झाली आणि तिने पहिली वस्तू बनवली ती साधे फ्रीव्हील. स्रॅम १९८७ मध्ये शिकागोत निघाली. त्याच्या थोडे आधीपर्यंत गिअरच्या दांडीला क्लिकच नसायचे. दांडी हाताने सरकवायची, कान देऊन ऐकायचे, चेन नीट बसली की थांबायचे. कोणाचीही दांडी कोणाच्याही डिरेलरला चालायची, कारण माप स्वाराच्या बोटांत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात शिमानोने क्लिक आणले आणि माप बोटांतून यंत्रात गेले. सोय झाली, पण तेव्हापासून प्रत्येक भागाला स्वतःचे घराणे आले. (त्याहून जुनी गोष्ट म्हणजे टूर द फ्रान्समध्ये डिरेलर वापरायला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. चढ आला की स्वार उतरून मागचे चाक उलटे करून लावत. आमच्या पीटी उस्तादांना हे फार आवडेल.)

आता चेन. दूधवाल्याच्या काळ्या सायकलपासून शर्यतीच्या सायकलपर्यंत चेनच्या दोन खिळ्यांतले अंतर एकच आहे, अर्धा इंच. म्हणून कोणतीही चेन कोणत्याही दात्यांवर बसेल असे वाटते आणि म्हणूनच माणूस फसतो. फरक रुंदीचा असतो. काळ्या सायकलची चेन आतून एक अष्टमांश इंच रुंद, गिअरच्या सायकलची तीन बत्तिसांश. मागची चक्रे जितकी जास्त, तितकी चेन बाहेरून बारीक. सात आणि आठसाठी मात्र एकच चेन चालते, बाहेरून सात मिलिमीटरच्या किंचित वर. तेव्हा नव्या सायकलची चेन काढून निळीला घातली. रुंदीला जमली. लांबीला नाही. नव्या सायकलचे पुढचे मोठे चक्र ४२ दात्यांचे, निळीचे ४८. चेन सुमारे दीड इंच कमी पडत होती. मधल्या चक्रावर ती मजेत फिरत होती, कळलेसुद्धा नसते. पण घाटात दमलेल्या कोणी चुकून पुढे मोठे आणि मागे मोठे असा गिअर टाकला असता तर चेन ताणून डिरेलर पुन्हा तुटले असते. म्हणून लांबी नेहमी या दोन मोठ्या चक्रांवर, डिरेलरमधून न ओवता मोजायची, आणि एक इंच जास्त ठेवायची.

निळीची स्वतःची जुनी चेन होती, पुरेशी लांब. ती उस्तादांनी पट्टीवर धरली. २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच भरायला हवे. भरले १२ आणि एक अष्टमांश. चेन ताणून लांब होत नाही, तिचे खिळे झिजतात. इतकी झिजलेली चेन आपल्यासारखेच फ्रीव्हीलचे दातेही झिजवून ठेवते. उस्ताद म्हणाले, नवी घालून बघ. घातली. मैदानाला चक्कर मारताना ठीक. मग पेडलवर उभे राहून जोर दिला, आणि तिसऱ्या चक्रावर खट्‌ करून चेन दाता सोडून पुढे गेली. नवी चेन आणि झिजलेले फ्रीव्हील, दोन्ही एकाच मापाची, तरी एकत्र चालेनात. फ्रीव्हीलही बदलायचे ठरले.

यात आमचा फायदाच झाला. जुने फ्रीव्हील १४ ते २८ दात्यांचे होते. बाजारात सात चक्रांचेच १४ ते ३४ दात्यांचे मिळते, ज्यात शेवटचे चक्र २४ वरून एकदम ३४ वर उडी घेते. पुढचे लहान चक्र २८ चे. म्हणजे आधी सर्वांत हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत चाक एक फेरी फिरायचे आणि सायकल दोन मीटरच्या थोडे पुढे जायची. आता चाक ०.८२ फेरी फिरणार आणि सायकल पावणेदोन मीटरच्याही आत. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसातऐवजी सहा किलोमीटर. सपाटीवर हे हास्यास्पद आहे. पण ज्याचे वजन यादीत सर्वांत कमी आणि पाय सर्वांत आखूड, त्याला घाटात बसून चढता येईल की उतरून ढकलावे लागेल, हे या फरकावर ठरणार होते.

डिरेलरला हे पेलेल का, तेही पाहावे लागते. पुढच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक २०, मागच्यांतला २०, बेरीज ४०. इतकी सैल पडणारी चेन डिरेलरच्या लांब पिंजऱ्याने ओढून धरायची असते. नव्या सायकलच्या डिरेलरची मर्यादा ४३ आणि मागचे सर्वांत मोठे चक्र ३४. अगदी काठावर, पण आत.

जुने फ्रीव्हील काढणे हा वेगळाच प्रकार. ते हबवर आट्यांनी बसते, व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, आणि पेडल मारू तसे आणखी घट्ट होत जाते. इतक्या वर्षांच्या पेडलिंगने ते असे आवळले होते की पान्ह्याने हलेना. मग फ्रीव्हील काढायचे अवजार व्हाइसमध्ये घट्ट धरले, चाक वरून त्यावर बसवले, आणि आम्ही दोघांनी रिम दोन बाजूंनी पकडून बसच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला असा आवाज झाला की मला वाटले हबच फुटला. आटे सुटले होते. कॅडेट पहिल्यांदाच मोठ्याने हसला. नवे घालताना आट्यांना ग्रीस भरपूर लावले आहे, म्हणजे पुढच्याला इतका त्रास होणार नाही.

राहिला होता डिरेलर लटकतो तो फ्रेमचा कान. जुने डिरेलर स्पोकमध्ये गेले तेव्हा तो आत वाकला होता. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच, पण कान वाकडा असला तर वर केलेले सगळे गणित वाया. कानाचे आटे १० मिलिमीटरचे, आणि नव्या सायकलच्या मागच्या चाकाचा आसही तोच. उस्तादांनी ते फुकट गेलेले चाक उचलले आणि त्याचा आस सरळ कानात पिळला. आता निळीला शेजारी शेजारी दोन मागची चाके. दोन रिममधले अंतर वर, खाली, पुढे, मागे पट्टीने मोजत, दुसरे चाक हळूहळू दाबत, चारी बाजूंना सारखे येईपर्यंत कान सरळ केला. फ्रेम लोखंडाची होती म्हणून हे चालले. ॲल्युमिनियमचा कान असा वाकवायला गेलात तर तुटून हातात येईल, हे ज्युनियरांनी लक्षात ठेवावे.

बोर्डाच्या दिवशी निळी शेडबाहेर उभी केली. अध्यक्ष सरांनी कॅडेटला बास्केटबॉल कोर्टभोवती फिरवले आणि एकेक गिअर टाकायला सांगितला. सातवर थोडी टिकटिक झाली. ती अजूनही होते, आणि माझ्या मते होऊ द्यावी. वाकलेल्या फ्रेमची सायकल कंडम झाली. खरा गोंधळ लेजरमध्ये झाला. स्टोअरचे बाबूजी विचारू लागले, ही जुन्या खेपेची की नवी? सात गिअरची की आठची? उस्तादांनी सांगितले, फ्रेमचा नंबर जुना आहे ना, मग जुनी. शेऱ्याच्या रकान्यात बाबूजींनी बराच विचार करून ‘चालू’ असे लिहिले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. डेहराडून समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर, मसुरी २०००, आणि मध्ये ३५ किलोमीटरच्या आसपास रस्ता, ज्याचा खरा चढ राजपूर सोडल्यावर लागतो. कुठाल गेटपाशी बहुतेकांनी पुढे लहान चक्र घेतले. कॅडेट माझ्या मागे होता. पहिल्या काही वळणांपर्यंत त्याच्या गिअरचा प्रत्येक आवाज मी मोजत होतो, नंतर माझाच श्वास मोठा झाला आणि काही ऐकू येईना. माझ्या नव्या खेपेच्या सायकलला त्याच्याइतका हलका गिअर आहे, तरी दोन ठिकाणी मी पेडलवर उभा राहिलो. तो एकदाही उभा राहिला नाही. गिरणी चालावी तसा एका लयीत, २८ आणि ३४ वर, पाय फिरवत राहिला. एका वळणावर मला ओलांडून पुढे गेला आणि ओलांडताना “सॉरी सर” म्हणाला.

मसुरीच्या अलीकडे मॅगीच्या टपऱ्यांपाशी थांबलो तेव्हा निळी तिथे आधीच कठड्याला टेकलेली होती. तो वाकून मागचे चाक उचलून पेडल फिरवत होता. २४ च्या चक्रावर चेन किंचित घासत होती. त्याने डिरेलरवरची केबलची छोटी कळ अर्धा आटा फिरवली, पुन्हा पेडल फिरवले, कान देऊन ऐकले, आणि आवाज गेल्यावर मॅगी घ्यायला गेला.